दहा पोती कमी

“बँकेतलं काम कंटाळवाणं असतं का हो?” अक्षरानं विचारलं, आणि चुरमुऱ्यांच्या सुशील्यानं भरलेला अमरेशचा चमचा तोंडाजवळ जाऊन थांबला.

उदगीरला गुरुपादप्पांच्या बैठकीत मुलगी बघण्याचा कार्यक्रम चालला होता. वास्तविक अशा कार्यक्रमात प्रश्न एकाच बाजूनं येतात. शिक्षण किती, स्वयंपाक येतो का, गावाकडं राहायची तयारी आहे का, एवढं विचारून मुलाकडचे लोक चहा पितात आणि ‘कळवतो’ म्हणून निघतात. पण अक्षरा लातूरला एका क्लासमध्ये केमिस्ट्री शिकवायची. दिवसभर पोरांना प्रश्न विचारून विचारून तिला ती सवयच जडली होती. आता तिचे वडील गुरुपादप्पा, आत्या नागम्मा आणि अमरेशचे आईवडील असे चौघे अमरेशच्या तोंडाकडं बघत होते.

खरं उत्तर ‘हो’ असं होतं. अमरेश नांदेडच्या एका सहकारी बँकेच्या कर्ज विभागात होता. व्यापारी आपला माल तारण ठेवून बँकेकडून कर्ज घेतात. तो माल जागेवर आहे की नाही, हे दर महिन्याला गोडाऊनमध्ये जाऊन बघायचं, पोती मोजायची, रजिस्टरात आकडा लिहायचा, सही करायची आणि परत यायचं, एवढंच त्याचं काम. पाच वर्षं तो हेच करत होता. आणि खरं सांगायचं तर त्याला ते मनापासून आवडायचं. आकडा जुळला की त्याला आतून इतकं बरं वाटायचं, की येताना तो एसटीत गुणगुणत यायचा. पण ही काय चारचौघांत सांगायची गोष्ट आहे?

शिवाय याआधी नऊ मुली बघून झाल्या होत्या. नवव्या मुलीच्या आईनं मध्यस्थाजवळ निरोप दिला होता, “पोरगा गुणाचा हाय, पन त्याच्याकडं पाच मिनटं बघितलं की झोप येती.” हे वाक्य मध्यस्थानं जसंच्या तसं पोचवलं, आणि ते दोन महिने अमरेशच्या घशात माशाच्या काट्यासारखं अडकून बसलं होतं. त्यात अक्षरा त्याला बघताक्षणी आवडली होती. इतकी, की तिच्यासमोर खरं बोलण्याची जोखीम घेणं त्याला परवडण्यासारखं नव्हतं.

“छे हो! कंटाळा कसला?” तो म्हणाला. “आमच्याकडं रोज थरार. आता मागच्याच महिन्यात, एका व्यापाऱ्यानं पोत्यांत मिरचीऐवजी भुसा भरलेला. मी नुसतं पोत्यावर हात ठेवला आणि ओळखलं.”

हे ओळखणारा माणूस वेगळा होता, बँक वेगळी होती आणि गोष्ट वीस वर्षांपूर्वीची होती. पण अमरेशचे वडीलसुद्धा मुलाकडं नव्या आदरानं बघायला लागले.

“अस्सं,” अक्षरा म्हणाली. तिचा चेहरा जरासा उतरला. अमरेशला वाटलं, एक गोष्ट कमी पडली. म्हणून त्यानं लगेच दुसरी सांगितली. तिच्यात एक ट्रक होता, एक पाठलाग होता आणि पुलावर एक फुटलेलं टायर होतं. अक्षराचा चेहरा आणखी उतरला.

“मग मला एक दिवस तुमचं काम बघायला मिळेल का?” तिनं विचारलं. “पत्रिका सगळेच बघतात. मी काम बघीन म्हणते.”

गुरुपादप्पा खो खो हसले. “आमची पोर अशीच हाय पावनं. भेंडी घेताना एकेक मोडून बघती.”

“पोर एकली कशी जाईल?” नागम्मा आत्या सरसावून बसल्या. “मी जाते की संगं. मलाबी ते ट्रकाचं बघायचंय.”

*

नांदेडला परत आल्यावर अमरेशनं हे सगळं दयानंदला सांगितलं. दयानंद त्याच शाखेत कॅशियर होता. स्वतःचं लग्न जमेपर्यंत त्यानं सतरा मुली बघितल्या होत्या, त्यामुळे शाखेत या विषयावरचा शेवटचा शब्द त्याचा असायचा.

“गुरुवारी कुठं हायेस?”

“धर्माबादला. मलप्पा शेटच्या मिरचीची तपासणी.”

“मेलास,” दयानंद म्हणाला. “तू एक-दोन-तीन करत दोनशे चाळीस पोती मोजनार, अन् ती पोरगी उभ्या उभ्या झोपनार. गड्या, तिला कायतरी घडताना दिसलं पायजे. मलप्पा शेट तुझ्या ओळखीचा हाय ना? मग त्याला सांग, दहा पोती बाजूला सरकव. तू मोज, पकड, जरा आरडाओरडा कर. अर्ध्या घंट्यानं पोती सापडली म्हन. कुनाचं काय जातंय?”

अमरेशनं आयुष्यात एकही पोतं इकडचं तिकडं केलं नव्हतं. पण अक्षराचा उतरलेला चेहरा आठवला आणि त्यानं फोन लावला.

“शेट, गुरुवारी मी येतोय. दोनशे चाळीसमधली दहा पोती कमी निघाली पाहिजेत.”

पलीकडं फोन या कानावरून त्या कानावर गेला. मग मलप्पा शेट काळजीच्या आवाजात म्हणाले, “साहेब, घरी समदं बरं हाय ना?”

“सगळं बरं आहे. मी ओरडेन, तुम्ही घाबरायचं. अर्ध्या तासानं पोती सापडू द्यायची.”

“पन कशापायी?”

मुलीवर छाप पाडायला, एवढे तीन शब्द अमरेशनं तिथं उच्चारले असते, तर मलप्पा शेटांनी हौसेनं हारसुद्धा आणून ठेवले असते. पण त्याला लाज वाटली. बँकवाला माणूस अडचणीत आला की जे म्हणतो, तेच तो म्हणाला.

“हेड ऑफिसचं आहे, शेट. जास्त विचारू नका.”

*

मलप्पा शेट तीस वर्षं मिरचीच्या व्यापारात होते. या तीस वर्षांत बँकेनं त्यांना माल पुरा दाखवा, जास्त दाखवा, निदान समोरच्या बाजूला तरी दाखवा, असं सगळं सांगितलं होतं. कमी दाखवा, असं कुणीही कधी सांगितलं नव्हतं. ते अंगणातल्या बाजेवर बसून विचार करत राहिले आणि तासाभरानं एकदम उठून उभे राहिले. कमी माल दाखवा म्हणजे नुकसान दाखवा. नुकसान दाखवा म्हणजे सवलत! हेड ऑफिसनं गुपचूप कायतरी योजना काढलेली दिसते. आणि साहेब आपला माणूस, म्हणून त्यानं आधी आपल्याला कळवलं. दहाच म्हणाला बिचारा, सरळ आहे. सवलत घ्यायचीच तर दहात काय घ्यायची? मलप्पा शेटांनी पन्नास पोती हलवली.

वीस पोती घरात, तीस पोती मठाच्या सभामंडपात. आता एवढी पोती भर दुपारी हातगाड्यांवरून मठाकडं चालली, तर शेजारी विचारणारच. शेजारी शेषेराव यांचंही कर्ज त्याच बँकेत. मलप्पा शेटांनी त्यांना मठाकडं हात करून शपथ घातली आणि मग सांगितलं. शेषेरावांनी तीच शपथ पलीकडच्या सिद्रामप्पांना घातली. बुधवारी संध्याकाळी त्या गल्लीत शपथ घालायला कुणी शिल्लक राहिलं नाही. बँकेच्या सहाच्या सहा कर्जदारांचा माल गोडाऊनमधून निघाला आणि पलंगाखाली, माळ्यावर, न्हाणीघरात आणि उरलेला सगळा मठात जाऊन बसला. मठातल्या स्वामींना त्या रात्री अठ्ठावीस शिंका आल्या. त्यांनी त्या हवापालटावर ढकलल्या.

*

गुरुवारी अकरा वाजता गुरुपादप्पांची गाडी देगलूरवरून धर्माबादला पोचली. अमरेश इस्त्रीचा शर्ट घालून उभाच होता. एप्रिलचं ऊन आणि मिरचीचा बाजार. गाडीचं दार उघडताच नागम्मा आत्यांनी पदर नाकाला लावला तो पुढं दिवसभर काढला नाही.

“थरार कुठंय?” त्यांनी उतरता उतरता विचारलं.

“दिसेल, आत्या. आपल्या कामात कधी काय निघेल सांगता येत नाही,” अमरेश म्हणाला.

मलप्पा शेट हात जोडून पुढं आले. “शरनार्थ, शरनार्थ. या आक्का, या.” मग अमरेशकडं बघून त्यांनी असा डोळा मारला, की तो रस्त्यापलीकडच्या पानवाल्यालाही दिसला.

अमरेश मोजायला लागला. रजिस्टर अक्षराच्या हातात दिलं होतं. ती थप्पीगणिक आकडे टिपून घेत होती आणि मधेच, “एका थप्पीत बाराच का लावतात?” असं काहीतरी विचारत होती. असले प्रश्न आजवर अमरेशला कुणीही विचारले नव्हते. खरं तर त्याला थांबून उत्तर द्यावंसं वाटत होतं, पण आज त्याला थरार उरकायचा होता.

मोजणी संपली. एकशे नव्वद.

अमरेशनं पुन्हा मोजलं. एकशे नव्वदच. त्याच्या कानामागून घामाची धार निघाली. दहा पोती गेली तर नाटक होतं, पन्नास गेली तर नोकरी जात होती. त्यानं मलप्पा शेटांकडं पाहिलं. शेट सारखे डोळा मारत होते.

“शेट!” तो ओरडला. आज ओरडायचं ठरलेलं होतं, पण इतकं खरं ओरडावं लागेल असं नव्हतं ठरलेलं. “पन्नास पोती कमी आहेत!”

मलप्पा शेट धाडकन खाली बसले. त्यांनी टोपी काढून जमिनीवर ठेवली, कपाळाला हात लावला आणि, “अय्यो देवुडा! मी मेलो! मला तुरुंगात घाला!” असा आकांत मांडला. घाबरा म्हणून सांगितलं होतं, म्हणून ते मनापासून घाबरत होते. दाराशी सात-आठ हमाल जमले. त्यांच्यातला एकजण खरंच रडायला लागला.

“शिवा शिवा,” नागम्मा आत्या खूश होऊन म्हणाल्या. “लई झ्याक चाललंय. मी जरा पानी पिऊन येते, तवर फुडं नेऊ नका.”

त्या मागच्या दारानं शेटच्या घरात गेल्या. इकडं अमरेश शेटच्या कानाशी वाकला. “दहा सांगितली होती ना!”

“चाळीस माझ्याकडनं,” शेट हात चेहऱ्यावरून न काढता पुटपुटले. “तुमी लाजून कमी सांगितली, मला कळलं की.”

तेवढ्यात घरातून एकामागून एक शिंका ऐकू आल्या आणि नागम्मा आत्या लाल नाकानं परत आल्या.

“पोती हुडकून राहिले ना तुमी? वीस तर मी बसले त्या पलंगाखाली हायेत. वर गोधडी टाकलीय. आन् शेटची बाई म्हनली, राहिलेली मठात हायेत, परसाद घ्यायला जाल तवा बघा.”

थरार असा सव्वाचार मिनिटांत सुटला. तोही नऊवारीतल्या बाईनं, पाणी पिता पिता सोडवला.  अक्षरा अमरेशकडं बघत होती, आणि तिच्या नजरेत कौतुक नावाची गोष्ट शोधूनही सापडत नव्हती.

“साहेब,” दारातून आवाज आला. शेषेराव उभे होते, आंघोळ करून, गंध लावून. “आता आमच्याकडं या. माझी साठ कमी हायेत.”

“साठ?”

“मोजून घ्या. खोटं निघालं तर कान कापा.”

“साहेब, आधी माझ्याकडं,” मागून सिद्रामप्पा घुसले. “माझी नव्वद हायेत! ह्यांची साठच.”

“तुमी काल अंधार पडल्यावर काढली! मी उजेडी काढली. नंबर माझा!”

बघता बघता सहाही व्यापारी त्या दारात जमले आणि आपापला तुटवडा ओरडून सांगायला लागले. कर्जाच्या व्यवहारात इतका प्रामाणिकपणा त्या गल्लीनं आधी कधी पाहिला नव्हता. या गदारोळातच अमरेशचा फोन वाजला. पलीकडं शाखाधिकारी बोधने साहेब होते. सव्वीस वर्षं नोकरी झालेला, आवाज कधी न चढवणारा माणूस. आज आवाज चढला होता.

“अमरेश, धर्माबादेत काय करून राहिलास तू? मघाशी एका सिद्रामप्पाचा फोन आला शाखेत. म्हनतो, आमची नव्वद पोती कमी केली, अजून करावी का? अन् योजनेची मुदत कवापर्यंत हाय? कसली योजना? मी हेड ऑफिसच्या तपासनीसाला घेऊन निघालोय. दीड घंट्यात पोचतो.”

फोन बंद झाला. अमरेश एका पोत्यावर बसला आणि ते मिरचीचं आहे हेसुद्धा विसरला.

*

दीड तास. सहा गोडाऊनं. तपासनीस यायच्या आत सगळा माल जिथल्या तिथं गेला नाही, तर नोकरी जाणार हे नक्की होतं. आणि नोकरी नसलेल्या मुलाला गुरुपादप्पा पोरगी देणार नाहीत, हे त्याहून नक्की होतं.

पण खरी पंचाईत मठात गेल्यावर कळली. सभामंडपात छतापर्यंत पोती लागली होती. सहा जणांची, घाईघाईनं टाकलेली, एकमेकांत मिसळलेली. पोत्यांवरचे छाप बघून ओळखावीत, तर बारदाना म्हणजे रिकामी पोती सगळ्यांनी जुनीच वापरलेली. एकेका पोत्यावर तीन तीन गावांचे छाप. मलप्पा शेट म्हणाले, ही सगळी माझी. शेषेराव म्हणाले, तुझ्या बापानं कधी इतकी पाहिली होती का. सिद्रामप्पांनी बाह्या वर केल्या. स्वामी कोपऱ्यात शिंकत होते.

अमरेश एक क्षण डोळे मिटून उभा राहिला. मग तो पुढं झाला, एका पोत्याचं तोंड बघितलं आणि म्हणाला, “हे शेषेरावांचं.”

“कशावरून?” मलप्पा शेट म्हणाले.

“त्यांचा हमाल डावखुरा आहे. शिवण डावीकडून सुरू होते. तुमच्याकडं दुहेरी सुतळी घालतात, टाके लांब. सिद्रामप्पांकडं शेवटी गाठ मारून टोक आत ढकलतात. हे सिद्रामप्पांचं. हे तुमचं. हे तुमचं. हे पुन्हा शेषेरावांचं.”

सिद्रामप्पांनी वर केलेल्या बाह्या खाली घेतल्या. अमरेश एकामागून एक पोतं बघत होता आणि मालकाचं नाव सांगत होता. पाच वर्षं महिन्याच्या महिन्याला पोती मोजता मोजता हे त्याच्या डोळ्यांत आपोआप साठलं होतं. त्याचा इस्त्रीचा शर्ट लाल झाला होता, डोळ्यांतून पाणी वाहत होतं, आणि थरार वगैरे सगळं तो साफ विसरला होता. अक्षरानं ओढणी नाकाभोवती बांधली आणि रजिस्टर उघडून त्याच्या शेजारी उभी राहिली. तो नाव घ्यायचा, ती रेघ ओढायची, हमाल पोतं उचलायचे. तासभर दोघं दुसरं एक अक्षर बोलले नाहीत.

नागम्मा आत्या मात्र पायरीवर बसून मठातला प्रसाद खात होत्या. “जरा येळानं ट्रक येतो का हो?” त्या मधूनमधून हमालांना विचारत होत्या.

बोधने साहेब आणि तपासनीस आले तेव्हा शेवटची हातगाडी आत शिरत होती. तपासनीसानं सहाही गोडाऊनं मोजली. सगळ्यांचे आकडे बरोबर निघाले. अमरेशनं श्वास सोडला. पण तो पुरा सोडून व्हायच्या आत स्वामी मठाच्या दारात आले.

“अहो, सात पोती अजून आत आहेत,” ते म्हणाले.

कमी पडलेला माल बँकेला समजतो. त्यासाठी फॉर्म आहे. पण जास्तीचा माल कुठं लिहायचा, यासाठी कुठल्याच बँकेत फॉर्म नाही. तपासनीस दोनदा रजिस्टर चाळून हैराण झाला. शेवटी कोपऱ्यावरचे नरसय्या शेट हळूच पुढं आले. “ती माझी हायेत, सार.”

“तुमचं कर्ज आमच्या बँकेत कुठंय?”

“न्हाई. दुसऱ्या बँकेत हाय. पन म्हनलं, येवढे समदे करून राहिलेत तर आपनबी सात टाकून ठिवावीत.”

साहेबांनी सगळ्यांकडं पाहिलं, आणि मग अमरेशकडं. “आता बोल. खरं बोल.”

अमरेश खरं बोलला. उदगीरपासून सगळं. फोन, दहा पोती, हेड ऑफिसचं नाव. कर्जदार ऐकत होते, हमाल ऐकत होते आणि दोन हातांवर अक्षरा ऐकत होती. आपण आता नोकरीतूनही गेलो आणि हिच्यातूनही गेलो, हे त्याला स्वच्छ दिसत होतं. त्याला अगदी रडू येत होतं, पण सगळ्यांच्याच डोळ्यांतून पाणी वाहत असल्यामुळं ते कुणाच्या लक्षात आलं नाही.

“एका पोरीसाठी सहा गोडाऊनं उलटी केलीस?” साहेब ओरडले. “कोन पोरगी हाय ती?”

“हळू बोला साहेब,” नागम्मा आत्या म्हणाल्या. “पोर हितंच उभी हाय.”

साहेबांनी अक्षराकडं पाहिलं, तिच्या हातातलं रजिस्टर पाहिलं आणि आवाज खाली आणला. माल जागेवर होता, म्हणून नोकरी वाचली. पण शिक्षा झाली. “कर्ज विभाग बंद. सोमवारपासून रेकॉर्ड विभागात, तळघरात. थरार पायजे ना तुला? बस तिथं.”

*

गाडीपर्यंत सोडायला अमरेश गेला तो मान खाली घालून. नागम्मा आत्या पुढच्या सीटवर बसून ट्रक न आल्याबद्दल ड्रायव्हरजवळ तक्रार करत होत्या. अक्षरा दार धरून उभी राहिली.

“रेकॉर्ड विभागात काय करतात?”

आता लपवण्यासारखं उरलंच काय होतं? “काही नाही,” अमरेश म्हणाला. “जुनी कागदपत्रं असतात. त्यांचे गठ्ठे बांधायचे, वर तारीख लिहायची, कपाटात ठेवायचे. आठ वर्षं झाली की काढायचे आणि नष्ट करायचे.”

“मग?”

“मग पुढच्या वर्षाचे बांधायचे.”

“कधीच काही घडत नाही?”

“एकदा उंदीर निघाला होता म्हणतात. पण ते माझ्या आधी.”

“आणि घरी किती वाजता?”

“साडेपाचला. रोज.”

अक्षराचा चेहरा असा उजळला, की अमरेशनं मागं वळून पाहिलं, कुणी आलंय की काय म्हणून.

“तुम्हाला माहीत आहे का,” ती म्हणाली, “आमचे अप्पा सोयाबीनचा सट्टा करतात. सकाळी भाव चढला की घरात पेढे, दुपारी उतरला की कुणी जेवायचं नाही. आईचे दागिने किती वेळा गेले आणि आले, ते आता आईलाही सांगता येत नाही. माझ्या ताईचं लग्न दोनदा पुढं ढकललं. आमच्या घरी रोज थरार असतो. मला उबग आलाय त्याचा. म्हणून तुम्हाला विचारलं होतं, काम कंटाळवाणं आहे का. तुम्ही ‘हो’ म्हणाला असता, तर मी उदगीरलाच होकार दिला असता.”

अमरेश एक पाऊल पुढं सरकला. “अहो, खूप कंटाळवाणं आहे,” तो कळवळून म्हणाला. “शपथेवर सांगतो. तुम्हाला कल्पना नाही इतकं.”

“ते मघाशी पोती लावताना दिसलं मला,” अक्षरा म्हणाली. “तळघर नक्की आहे ना? मग अप्पांना सांगते. त्यांनी जुलैतला मुहूर्त काढावा.”

*

सोमवारी अमरेश हातात फडकं आणि सुतळीचा गुंडा घेऊन तळघराच्या पायऱ्या उतरत होता, तेवढ्यात शिपायानं हाक मारली. साहेबांनी वर बोलावलं होतं. केबिनमध्ये बसायला जागा नव्हती. मलप्पा शेट, शेषेराव, सिद्रामप्पा आणि उरलेले तिघे होते. ज्यांचा बँकेशी काडीचा संबंध नव्हता, ते नरसय्या शेटही होते.

“ह्यांची मागणी हाय, तुला परत कर्ज विभागात घ्यायची,” साहेब म्हणाले.

“शिवनीवरनं मालक वळखनारा साहेब उभ्या मराठवाड्यात न्हाई,” मलप्पा शेट म्हणाले. “दुसरा मानूस आला तर आमी गोडाऊनचं कुलूप काढनार न्हाई. आन् साहेब, पोरीचं आधी सांगितलं असतं, तर दोनशे चाळीसच्या दोनशे चाळीस गायब केली असती!”

“तर मग मी बदली रद्द करतो,” बोधने साहेब म्हणाले. “झाली चूक झाली. सगळे जा आता.”

अमरेशच्या हातातलं फडकं खाली पडलं. व्यापारी बाहेर पडेपर्यंत तो कसाबसा थांबला आणि मग टेबलावरचा कागद ओढून उभ्यानंच लिहायला लागला. लिहून झाल्यावर त्यानं तो साहेबांपुढं सरकवला.

‘मा. शाखाधिकारी साहेब, रेकॉर्ड विभागातील काम मी समजून घेतले असून, ते अत्यंत कंटाळवाणे आहे व पुढेही तसेच राहील, याची माझी खात्री झाली आहे. तरी मला दिलेली शिक्षा कृपया रद्द करू नये, ही नम्र विनंती.’

साहेबांनी अर्ज दोनदा वाचला. सव्वीस वर्षांत त्यांच्याकडं असा अर्ज आला नव्हता. बाहेर काउंटरवर कुणीतरी मोठ्यानं भांडत होतं, टेबलावरचे दोन्ही फोन वाजत होते आणि तपासनीसाचं सात पोत्यांबद्दलचं तिसरं पत्र समोर पडलं होतं. त्यांनी पेन काढलं, खाली ‘मंजूर’ असं लिहिलं, सही केली आणि दाराकडं एकदा बघून हळूच विचारलं, “काय रे, तिथं खाली अजून एक खुर्ची मावंल का?”